चिंगीच्या हातांवरचे डाग

९ ऑक्टोबर

हॉस्पिटलातून आज दोन वह्या घरी आल्या. एक त्यांची, छापील रकान्यांची. मलम किती वाजता लावलं, नवीन डाग किती, चिंगी कुठे होती, असलं सगळं त्यात भरून दर महिन्याला दाखवायचं. दुसरी कोरी, पहिलीला चिकटून आलेली. परत द्यायला गेलो तर नर्स म्हणाली, “राहू द्या हो. पोटात गोळा आला की लिहीत जा त्यात.” थट्टाच केली असेल. पण गोळा गेले पाच महिने जागचा हललेला नाही. दहावीनंतर मी गेट-ग्रिलची मापं सोडून काही लिहिलेलं नाही. बघू.

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं आधी उतरवून ठेवतो. चिंगी आमची एकुलती एक, सात वर्षांची. ऊन लागलं की कातडीतल्या पेशींना इजा होते, ती सगळ्यांनाच होते. पेशीत डीएनएचा लांब धागा असतो, त्यातल्या शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटून बसतात. तुमच्याआमच्या पेशीत प्रथिनांची टोळी असते. ती अशी जागा हुडकते, खराब तुकडा कापून काढते, नवीन भरते आणि सांधते. चिंगीच्या टोळीतलं एक प्रथिन जन्मापासून वाकडं आहे. त्यामुळे झालेली इजा तशीच राहते. “साचत जाते,” असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

साचल्यावर काय होतं ते आम्ही बाहेर बाकावर पाहिलं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, मोठी टोपी, नाकाच्या जागी पांढरी पट्टी. चिंगीनं तिला हात केला. तिनंही केला. ही, म्हणजे चिंगीची आई, माझ्या शर्टाची बाही धरून उभी होती, ती गाडीत बसेपर्यंत सोडली नाही.

१२ ऑक्टोबर

मलम मिळालं. ते बनवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः समजावून सांगायला आल्या होत्या. चिंगीनं त्यांचं नाव मलमवाली ठेवलं, तेही त्यांच्या तोंडावर. हसल्या बिचाऱ्या.

मलमात विषाणूचं प्रथिन आहे. हे ऐकल्यावर मी बाटली टेबलावर ठेवली.

“विषाणू म्हणजे रोगच ना?”

“हा माणसाच्या वाटेला जात नाही. जिवाणूंवर जगतो. आणि आख्खा विषाणू नाहीच यात, त्याचं एकच प्रथिन आहे. उन्हानं त्याचाही डीएनए बिघडतो, म्हणून त्यानं स्वतःची कात्री बाळगलीय. चिकटलेल्या कड्या दिसल्या की तिथे कापतो.”

“मग पुढे?”

“पुढचं चिंगीचीच प्रथिनं करतात. भरणारी, सांधणारी तिच्याकडे शाबूत आहेत. तिचं अडतंय ते पहिल्या कापाशी.”

हे मला पटकन कळलं. खराब वेल्ड ग्राइंडरनं काढल्याशिवाय नवीन भरता येत नाही. पण लगेच दुसरी भीती आलीच. “नको तिथे कापलं तर? तुटलेली टोकं भलत्याच जागी जुळली तर?”

बाई म्हणाल्या, “हा प्रश्न आम्ही चार वर्षं स्वतःला विचारतोय. आत्तापर्यंत तसं दिसलेलं नाही. पण ‘कधीच होणार नाही’ असं मी लिहून देणार नाही.”

आणखी एक आहे. निम्म्या मुलांना खरं मलम, निम्म्यांना साधं, विषाणूच्या प्रथिनाशिवाय. बाटलीवर फक्त नंबर असतो. कोणाला काय गेलं ते बाईंनाही वर्ष संपल्यावरच कळणार. आमचा नंबर सतरा.

सही केली.

२० ऑक्टोबर

खिडक्यांना काळी फिल्म लावून झाली. हिनं पडदे दुहेरी शिवले, कडेला झालर, म्हणजे फटीतून रेघसुद्धा येऊ नये. दाराखाली गोणपाटाची वळकटी. घरातल्या ट्यूब काढून डॉक्टरबाईंनी सांगितलेले बल्ब लावले. हॉस्पिटलनं दिलेला यादीचा कागद कपाटाच्या दारावर चारी बाजूंनी खळ लावून डकवला, वाऱ्यानं फाटू नये म्हणून. ऊन, ढगाळ दिवसाचा उजेड, गाडीच्या काचेतून येणारं ऊन, ट्यूब, हॅलोजन, नखं वाळवायचा दिवा. सहा गोष्टी. मला पाठ आहेत.

रात्रभर त्याच सहा गोष्टी डोक्यात फिरतात. काल दुकानात हॅलोजन दिसला, मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. चिंगी तर माझ्याबरोबर नव्हतीसुद्धा.

७ नोव्हेंबर

डाग मोजले. चेहरा नऊ, मान पाच, डावा हात चार, उजवा पाच. एकूण तेवीस, म्हणजे गेल्या महिन्याइतकेच. परत मोजले, चोवीस आले. हिनं ओलं फडकं फिरवलं तर एक निघाला, पेनाची शाई होती.

चिंगी म्हणाली, “बाबा, मी काय गोदामातलं लोखंड आहे का, सारखं मोजतोस ते?”

शाळा बंद झाल्यापासून ती चुरुचुरु बोलायला लागलीय. दिवसभर बोलायला आईच असते, दुसरं कोण.

१९ नोव्हेंबर

आज चिंगीला वर्कशॉपवर नेलं.

आता सहालाच काळोख पडतो. ती दारात उभी राहून म्हणाली, “आता ऊन गेलं. मला कुठेतरी ने. कुठेही.” मला जायचंच होतं. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, शाळेचं मोठं गेट उद्यापर्यंत द्यायचं होतं आणि दोघांशिवाय ते उठत नाही.

ही म्हणाली, “तिथे धूर असतो, ठिणग्या उडतात.”

“लांब बसवतो. आणि डोळ्यांना काच देतो.” डोळ्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. शिकाऊ असताना एकदा उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं. तीन दिवस पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं झालं होतं.

चिंगीला माझा जुना मुखवटा दिला. तिच्या अख्ख्या डोक्याला पुरून उरला. रंगाच्या पालथ्या डब्यावर बसून दोन्ही हातांनी तो तोंडासमोर धरून राहिली. मी रॉड टेकवला की आतून ओरडायची, “हिरवं! बाबा, सगळं हिरवं!” दादानं काम थांबवून तिला लोखंडाला टाका कसा मारायचा ते दाखवलं. सहा महिन्यांत ती इतकी हसली नव्हती. मी पण नसेन.

त्यांच्या वहीत लिहिलं : सात ते साडेआठ बाहेर, अंधारात, वडिलांबरोबर.

१५ डिसेंबर

आता रोजचंच झालंय. सव्वासहापासून बूट घालून बसते. रॉडचे नंबर तिला दादापेक्षा चांगले पाठ आहेत. नवीन डाग नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, “असंच चालू द्या.” घरी येताना मी शिट्टी वाजवत होतो.

माझ्या मानेची साल निघतेय, कॉलर उघडी राहते तिथे. दर वर्षी मोठं काम आलं की निघते. ही म्हणाली, “तुम्हीच लावा ते विषाणूचं मलम.”

८ जानेवारी

उजव्या हाताच्या पाठीवर तीन नवे. डाव्यावर दोन.

फडक्यानं पुसले. निघाले नाहीत.

११ जानेवारी

आणखी एक, अंगठ्याच्या बुडाशी. हा तपकिरी नाही, लालसर आहे, बोट फिरवलं की खरखरीत लागतो. चेहऱ्यावर मात्र एकही नवा नाही. असं कसं? मलम तर चेहऱ्यालाही तितकंच लावतो.

की मलमच हातांवर काही करतंय? कात्री आत गेलीय आणि तिला थांबवणारं कोणी नाही, असं मनात येतं. भलत्या जागी कापतेय, टोकं भलतीकडे जुळतायत. त्या बाई लिहून देणार नव्हत्या. का नव्हत्या?

चिंगी झोपली की तिचे हात पांघरुणाबाहेर असतात. मी बॅटरी न लावता नुसता बघत बसतो. अंधारात काय दिसणार. तरी बसतो.

१७ जानेवारी

आज हिला बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो.

चेहरा स्वच्छ आणि हातांवरच डाग, याचा अर्थ मी असा लावला की ही पोरीला पडद्याबाहेर हात काढू देते. दुपारी, मी नसताना. पोर रडते, हिचं मन विरघळतं.

“किती वेळ उघडतेस खिडकी?”

“काय?”

“खरं सांग. पाच मिनिटं? दहा?”

ती कणीक मळत होती. तिनं हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, “गेल्या ऑक्टोबरपासून मी दुपारचं आभाळ पाहिलं नाही. तिच्याबरोबर मीही आत असते. तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही बाहेर असता.”

मग उरलेली कणीक मळली. मला ते तिनं आवाज न चढवता बोलणं जास्त लागलं. पण खोटं बोलणारा माणूसही आवाज चढवत नाही, असंही मला वाटलं. वाटलं ते लिहितोय.

२४ जानेवारी

डॉक्टरबाईंनी अंगठ्याजवळचा डाग भिंगातून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “हा थोडा काढून तपासायला हवा. पुढच्या आठवड्यात.”

मी तिथेच सुरू झालो. मलम बंद करा, तुमच्या विषाणूनं हे केलंय, आम्हाला यातून काढा. मलमवाल्या बाईंना बोलावलं गेलं. मला वाटलं चिडतील. त्या घाबरल्या. माणूस खरंच घाबरला की ओठ सुकतात, तसे त्यांचे सुकले होते.

“मलमामुळे असेल तर मला बाकीच्या सगळ्या मुलांचं आजच्या आज थांबवावं लागेल. थांबवीन. पण आधी एक करू या? उजेड कुठून येतोय का ते पाहू.” त्यांनी हातात मावेल असा मीटर दिला. डोळ्यांना न दिसणारे उन्हाचे किरण मोजतो, जास्त झाले की ओरडतो. “घरातला कोपरान् कोपरा तपासा. आठ दिवसांनी सांगा.”

आता कळेल हिची खिडकी. तेव्हा मनात हेच आलं होतं.

२९ जानेवारी

भर दुपारी घर तपासलं. खिडक्यांना, फटींना, दाराखाली, बल्बच्या खाली, न्हाणीघराच्या झरोक्याला मीटर लावला. शून्य, शून्य, सगळीकडे शून्य. पडद्याची झालर उचलून आत धरला, तरी शून्य. ही दारात उभी राहून बघत होती.

मीटर बिघडलाय का पाहायला जिन्यात नेला. उन्हात धरताच किंचाळला.

म्हणजे मलमच. सतरा नंबर. सकाळीच लावलंय आम्ही तिला, कोपरापर्यंत चोळून.

३० जानेवारी

मीटर खिशात तसाच राहिला होता. सकाळी अकरा वाजता दादा माल आणायला गेला. मी शटर ओढून घेतलं, कारण समोरच्या गाडीच्या काचेवरून तिरीप येते. गेटाची बिजागरी लावायची होती. मुखवटा घातला, रॉड टेकवला.

छातीवर काहीतरी किंचाळलं.

आधी वाटलं मशीनमध्ये शॉर्ट झालं. रॉड उचलला, थांबलं. परत टेकवला, परत किंचाळलं. खिसा. मी मीटर काढून मागे गेलो आणि रंगाच्या डब्यावर ठेवला. तिच्या डब्यावर. परत गेटापाशी येऊन रॉड टेकवला. उन्हात ओरडला होता त्यापेक्षा मोठ्यानं ओरडला.

वीस वर्षं मी हे काम करतोय. दर वर्षी माझी मान उन्हात गेल्यासारखी सोलून निघते. मी दर वर्षी म्हणतो, उन्हात गेल्यासारखी.

दोन्ही हातांनी मुखवटा धरून बसायची. म्हणून चेहरा स्वच्छ.

दादा आला तेव्हा मी शटरला टेकून खाली बसलो होतो. “शॉक लागला का रे?” त्यानं विचारलं. हो म्हणालो.

३१ जानेवारी

चिंगी बूट घालून बसली होती. काम नाही म्हणून सांगितलं.

१ फेब्रुवारी

काम नाही म्हणून सांगितलं. कोणाला सांगितलं नाही तर काय होईल ते दिवसभर डोक्यात चालू आहे. मलमाचं नाव खराब होईल. बाई बाकीच्या मुलांचं थांबवतील. आणि मला कोणी काही म्हणणार नाही. हे मी शांतपणे विचार करून पाहिलं, एकदा नाही, तीनदा. मला माझीच भीती वाटली.

३ फेब्रुवारी

हिला सांगितलं. चिंगी झोपल्यावर, स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या.

ती रडली नाही. सुरी घेतली, तेव्हा एक क्षण मला वाटलं… जाऊ दे. कपाटाच्या दारावरचा कागद तिनं खरवडायला घेतला. “मला पहिल्यापासून वाटायचं, यादी अशी मध्येच कशी संपते,” ती म्हणाली. खळ पक्की होती. कागद तुकड्यांत निघाला. तुकडे तिनं ओट्यावर उलटे मांडले, जुळवले. मागच्या बाजूलाही छापलेलं होतं. सातवी गोष्ट : वेल्डिंगचा उजेड.

खळ मी लावली होती.

मग ती म्हणाली, “मी खिडकी उघडते म्हणालात.” एवढंच. माफी मागायला मी तोंड उघडलं तर हात वर करून थांबवलं तिनं, आणि झोपायला गेली.

४ फेब्रुवारी

हॉस्पिटलात दोघं गेलो. मी सगळं सांगितलं, एकोणीस नोव्हेंबरपासून. डॉक्टरबाईंनी आमचा पहिला फॉर्म काढला. व्यवसायाच्या रकान्यात मीच लिहिलं होतं : गेट बनवणे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मी विचारायला हवं होतं, कसले गेट, कसे बनवता. नाही विचारलं मी.”

मलमवाल्या बाईंना मी म्हणालो, “आम्हाला आता काढून टाकणार ना?”

“काढलं तर आमचं उत्तर खोटं होईल. तुम्ही कोणकोणत्या दिवशी, किती वेळ, किती अंतरावर, सगळं लिहून द्या.”

“बाटलीत काय होतं ते आता तरी सांगा.”

“मला माहीत नाही. खरंच नाही. खरं मलम असेल, तर त्यानं त्या दोन महिन्यांत जेवढं जमेल तेवढं काढलं असेल. पण रोज तसला उजेड ओतत राहिलं तर कोणतीच कात्री पुरी पडत नाही.”

घरी आल्यावर बाटली उजेडात धरून पाहिली. पांढरं, पातळ, वास नसलेलं. दहा दिवसांपूर्वी जे आत नसावं म्हणून भांडत होतो, ते असू दे म्हणून आता मनात घोकतोय.

१३ फेब्रुवारी

अंगठ्याजवळच्या डागाचा तुकडा तपासायला गेला होता, तो कर्करोगाचा निघाला. शब्द लिहिला. हात थांबला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

लवकर सापडला, वरच्यावर आहे, पूर्ण निघेल, असं डॉक्टरबाईंनी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा हिनं त्यांचा हात धरून “बरं” म्हटलं, तेव्हा थांबल्या.

२० फेब्रुवारी

काढला. चार टाके. चिंगीनं टाके मोजले आणि म्हणाली, “दादाकाकानं यापेक्षा सरळ घातले असते.” भूल देणारे डॉक्टर हसले. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

संध्याकाळी निरोप आला, कडा स्वच्छ आहेत, काही राहिलेलं नाही. या हातापुरतं. आजपुरतं. दुसरा कुठून वर येईल ते कोणी सांगू शकत नाही. आत काय काय साचलंय ते आम्हाला वर आल्यावरच कळणार.

२ मार्च

आज चिंगीनं विचारलंच. “मला वर्कशॉपवर का नेत नाहीस? मी काय केलं?”

तिला वाटत होतं तिला शिक्षा केलीय. महिनाभर वाटत होतं. आणि आम्ही दोघं तिच्या हाताकडे बघत होतो, तिच्याकडे नाही.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. “तू काही केलं नाहीस. आमच्या वेल्डिंगच्या उजेडात ऊन असतं. त्यानं तुझ्या हाताला झालं.”

“मग मला का नेलंस?”

“मला माहीत नव्हतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. गणित चुकलं की बघते तशी. “पण तू तर वेल्डर आहेस.”

ही दारात उभी होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, मला सोडवेल. ती बोलली नाही आणि बरोबरच केलं.

“हो,” मी म्हणालो. “मला माहीत असायला हवं होतं.”

चिंगीनं पट्टीची कड खाजवली. “दुखलं होतं मला,” ती म्हणाली. मग आतल्या खोलीत गेली.

१६ मार्च

टाके निघून आठवडा झाला. आज काळोख पडल्यावर तिला खाली फिरायला न्यायचं ठरलं. नुसतं गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. मी तिचा हात धरून जिना उतरलो. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

दारासमोर नवा खांब बसवलाय, त्याच्यावर पांढराफेक दिवा.

“हा कसला दिवा आहे?”

“साधाच आहे गं. रस्त्यावरचा. चल.”

तिनं माझा हात सोडला आणि पायरीवरच मागे सरकली, भिंतीच्या सावलीत. “आईला विचारून ये.”

“अगं, मी सांगतोय ना, काही नाही होत.”

“आईला विचारून ये,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. आणि दुखरा हात तिनं फ्रॉकच्या मागे लपवला होता. माझ्यापासून.

मी दोन मजले चढून वर गेलो. ही भांडी घासत होती. “खाली दिवा आहे नवीन,” मी म्हणालो. “ती विचारतेय.”

हिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. हात पुसले, मीटर घेतला आणि चपला न घालताच माझ्यापुढे जिना उतरली. खांबाखाली जाऊन हात उंच करून धरला. आकडा वाचला, परत वाचला. मग वळून म्हणाली, “ये.”

चिंगी पायरी उतरून गेली. दोघी गल्लीच्या टोकाकडे चालू लागल्या. मी त्यांच्या मागून, चार पावलं सोडून.